विद्यापीठाची वेबसाइट आणि विद्यार्थ्यांचं समाधान: रिझल्टच्या दिवशी नेमकं काय पणाला लागतं?

२०१० साली रँडल मनरो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने आपल्या ‘एक्सकेसीडी’ या ऑनलाइन चित्रमालेत दोन वर्तुळं काढली. एका वर्तुळात विद्यापीठाच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर असणाऱ्या गोष्टी होत्या: कॅम्पसचे फिरते फोटो, प्रमुखांचं पत्र, प्रसिद्धीपत्रकं, माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या. दुसऱ्या वर्तुळात लोक जे शोधायला येतात ते होतं: अर्जाचे नमुने, शैक्षणिक वेळापत्रक, प्राध्यापकांचे फोन नंबर, कॅम्पसचा नीट नकाशा. दोन्ही वर्तुळं एकमेकांना छेदत होती तिथे एकच गोष्ट होती, ती म्हणजे संस्थेचं पूर्ण नाव.

चित्र अमेरिकेतलं असलं तरी ते महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावं लागत नाही. हॉल तिकीट, रिझल्ट, एटीकेटीचा फॉर्म, पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख, ट्रान्सक्रिप्ट यातली बहुतेक कामं आता वेबसाइटवरूनच होतात. त्यामुळे वेबसाइट चांगली की वाईट, यावर विद्यार्थ्याचं विद्यापीठाबद्दलचं मत बऱ्याच अंशी ठरतं. हे नातं नेमकं कसं आहे?

‘चांगली वेबसाइट’ म्हणजे काय?

देखणी वेबसाइट आणि चांगली वेबसाइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ‘आयएसओ ९२४१-११’ या मानकात वापरसुलभतेचे तीन निकष दिलेले आहेत. पहिला, काम पूर्ण झालं का? दुसरा, त्यासाठी किती वेळ आणि कष्ट लागले? तिसरा, वापरणाऱ्याला समाधान वाटलं का? म्हणजे समाधान हा वापरसुलभतेच्या व्याख्येचाच एक भाग आहे.

वेबसाइटचा दर्जा मोजण्यासाठी संशोधक वापरतात अशी एक प्रसिद्ध पद्धत म्हणजे ‘वेबक्वाल’. स्टुअर्ट बार्न्स आणि रिचर्ड विजेन या संशोधकांनी ती २००० च्या सुमारास मांडली. तिची पहिली आवृत्ती ब्रिटनमधल्या बिझनेस स्कूलच्या वेबसाइट तपासण्यासाठीच तयार झाली होती. ऑनलाइन पुस्तकविक्री आणि लिलावाच्या साइटना ती नंतर लावली गेली. पुढच्या आवृत्तीत तिचे तीन भाग पक्के झाले:

- वापरसुलभता: हवं ते सापडतं का, मेनू कळतो का.
- माहितीचा दर्जा: माहिती अचूक, ताजी आणि पुरेशी आहे का.
- सेवा आणि विश्वास: पैसे आणि वैयक्तिक माहिती देताना भरवसा वाटतो का, विचारलं तर उत्तर मिळतं का.

विल्यम डीलोन आणि एफ्रेम मॅक्लीन यांचं १९९२ चं मॉडेलही अशा अभ्यासात वरचेवर वापरलं जातं. २००३ मध्ये त्यांनी ते सुधारलं. त्यांच्या मते कोणत्याही माहितीप्रणालीत तीन प्रकारचा दर्जा असतो: माहितीचा, यंत्रणेचा आणि सेवेचा. या तिन्हींवर वापरणाऱ्याचं समाधान अवलंबून असतं. विद्यापीठाच्या बाबतीत याचा साधा अर्थ असा की पान झटकन उघडलं, पण त्यावरची तारीख चुकीची असेल तर उपयोग नाही. तारीख बरोबर आहे, पण अडचण आल्यावर हेल्पलाइनचा फोन कुणी उचलत नसेल तरीही विद्यार्थी नाराजच राहतो.

समाधान कसं ठरतं?

रिचर्ड ऑलिव्हर या अभ्यासकाने १९८० मध्ये समाधानाबद्दल एक कल्पना मांडली. माणूस आधी अपेक्षा धरतो, मग अनुभव घेतो आणि दोन्हींची तुलना करतो. अनुभव अपेक्षेएवढा किंवा वरचढ असेल तर समाधान, कमी पडला तर नाराजी.

आजच्या विद्यार्थ्याच्या अपेक्षा विद्यापीठांच्या वेबसाइट पाहून तयार होत नाहीत. त्या तयार होतात रेल्वेचं तिकीट, यूपीआय आणि घरपोच जेवण मागवायच्या ॲपवरून. चहाचे दहा रुपये दोन सेकंदांत पोचतात आणि पोचल्याची खूणही दिसते. परीक्षेचे हजार रुपये भरल्यावर मात्र पान पांढरं पडतं आणि पैसे गेले की राहिले हे कळत नाही. मग नाराजी दुप्पट होते.

दुसरा मुद्दा जपानी अभ्यासक नोरिआकी कानो यांच्या १९८४ च्या मांडणीतून समजतो. काही गोष्टी असल्या तर कुणी कौतुक करत नाही, पण नसल्या तर संताप येतो. नळाला पाणी आलं म्हणून कुणी नगरपालिकेला धन्यवाद देत नाही. पाणी गेलं की आरडाओरड होते. रिझल्टचं पान उघडणं ही याच जातीची गोष्ट आहे. म्हणून वेबसाइटवर खर्च करताना नव्या आकर्षक सोयींआधी ही ‘असायलाच हवी’ अशी कामं सुरळीत करावी लागतात. चॅटबॉट बसवला, पण हॉल तिकीट डाऊनलोड होत नाही, अशा वेळी चॅटबॉटमुळे समाधान वाढत नाही.

विद्यार्थी दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही

खरेदीची एखादी साइट अडली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. विद्यार्थ्याला ती सोय नसते. परीक्षेचा फॉर्म एकाच ठिकाणी भरता येतो आणि तारीख चुकली तर विलंब शुल्क, कधी पूर्ण सत्र, कधी वर्ष जातं. त्यामुळे विद्यापीठाची वेबसाइट वाईट असली तरी तिचे वापरकर्ते कमी होत नाहीत. नाराजी दुसरीकडे दिसते: परीक्षा विभागाच्या खिडकीसमोरच्या रांगेत, न उचलल्या जाणाऱ्या फोनमध्ये, आणि ‘इथे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी लावलेल्या झेरॉक्सच्या दुकानात. ज्या कामासाठी विद्यापीठ शुल्क घेतं, त्याच कामासाठी विद्यार्थी दुकानदारालाही पैसे देतो.

अंतराचाही प्रश्न आहे. मुंबई विद्यापीठाचं कार्यक्षेत्र मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापर्यंत पसरलेलं आहे. सावंतवाडीहून कलिना कॅम्पस पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या मुलीला गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायची असेल आणि ते वेबसाइटवरून होत नसेल, तर तिच्यापुढे कॉलेजमार्फत पत्रव्यवहार करणं किंवा प्रवासासाठी दोन-तीन दिवस मोडणं हे पर्याय उरतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या १९८९ मध्ये सुरू झालेल्या दूरशिक्षण संस्थेत तर नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची संख्या मोठी. अशा विद्यार्थ्याचा मुख्यालयाशी संबंध बव्हंशी वेबसाइटमधूनच येतो.

२०१७: मुंबई विद्यापीठाचे निकाल

स्क्रीनमागची यंत्रणा कोलमडली की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण २०१७ चं आहे. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत, म्हणजे ऑनस्क्रीन मार्किंग, एकदम सगळ्या विद्याशाखांना लागू केली. ४७७ परीक्षा आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एवढा हा पसारा होता.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लावायला हवा. निकाल रखडल्यावर कुलपती या नात्याने राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली. तीही टळली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. निकाल लागल्यावरही परीक्षा दिलेल्या काही मुलांना ‘गैरहजर’ असा शेरा दिसला, तर काहींचा निकाल ‘राखीव’ दाखवला गेला. पदव्युत्तर प्रवेश, परदेशी विद्यापीठांची प्रवेशप्रक्रिया आणि हातात आलेल्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. त्या ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं.

या घटनेत रिझल्टचं पान सुंदर होतं की नाही, हा प्रश्नच गौण ठरतो. विद्यार्थ्याला दिसतो तो पडदा. त्यामागे स्कॅनिंग, तपासणी, गुणांची जुळणी, मनुष्यबळ आणि वेळापत्रक असतं. डीलोन आणि मॅक्लीन यांच्या भाषेत सांगायचं तर तिथे माहितीचा, यंत्रणेचा आणि सेवेचा असा तिन्ही प्रकारचा दर्जा एकाच वेळी घसरला. पुढचा निकाल कधी, माझी उत्तरपत्रिका कुठे, चूक दुरुस्त कोण करणार, या प्रश्नांची ठाम उत्तरं न मिळाल्याने मनस्ताप आणखी वाढला.

नेहमी कुठे अडतं?

एवढं मोठं संकट वरचेवर येत नाही. रोजच्या तक्रारी मात्र ठरलेल्या आहेत आणि त्यामागची कारणंही.

स्कॅन केलेली परिपत्रकं. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवला जातो. तो म्हणजे नुसता फोटो असतो. त्यातला मजकूर शोधता येत नाही, मोबाइलवर नीट वाचता येत नाही. फाइलचं नावही बहुतेकदा एखादा आकडा असतं. त्यामुळे दुरुस्तीचं परिपत्रक निघालं तरी जुनंच व्हॉट्सॲपवर फिरत राहतं.

जुने मराठी फॉन्ट. युनिकोडऐवजी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण कॉपी केला की अगम्य चिन्हं उमटतात. ‘पुनर्मूल्यांकन’ असं शोधलं तर ती सूचना सापडतच नाही. युनिकोड वापरणं हा यावर उपाय आहे आणि त्याला वेगळा खर्च येत नाही.

रिझल्टच्या दिवशीची गर्दी. वर्षभर शांत असलेल्या सर्व्हरवर एका तासात लाखो जण येतात. पान उघडलं नाही की प्रत्येक जण पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो आणि प्रत्येक रिफ्रेश म्हणजे सर्व्हरकडे नवी मागणी. गर्दीमुळे पान अडतं आणि पान अडल्यामुळे गर्दी वाढते. निकाल टप्प्याटप्प्याने लावणं, गरजेपुरती क्लाऊड क्षमता वाढवणं, एकच निकाल अनेक ठिकाणी उपलब्ध करणं हे त्यावरचे प्रचलित उपाय आहेत. बोर्डाच्या परीक्षांचे निकाल आता अनेक वेबसाइटवर आणि डिजिलॉकरवर एकाच वेळी मिळतात, ते याच कारणाने.

हळू उघडणारं पान. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांच्या मते एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे मात्र लक्ष टिकत नाही. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. पहिल्याच पानावर मोठमोठे फिरते फोटो असले तर गावाकडच्या कमी रेंजमध्ये हा निकष गाठणं अवघड होतं.

अडकलेलं पेमेंट. खात्यातून पैसे गेले, पण फॉर्मवर ‘पेंडिंग’ दिसतं. अनेक जण घाबरून पुन्हा पैसे भरतात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डाने केलेल्या व्यवहारात रक्कम कापली गेली, पण समोरच्याला खात्री पोचली नाही, तर ती पाच दिवसांत परत मिळायला हवी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ही माहिती पेमेंटच्या पानावरच ठळक लिहिली, तरी बरेच फोन वाचतील.

सगळ्यांना वापरता येते का?

दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडर वापरतात. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. स्कॅन केलेलं परिपत्रक त्याला वाचता येत नाही. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणाऱ्या कॅप्चाला आवाजाचा पर्याय नसेल, तर लॉगिनलाच गाडी अडते. इतरांच्या दृष्टीने जी किरकोळ गैरसोय, ती त्यांच्यासाठी बंद दार असते.

जगभर यासाठी ‘डब्ल्यूसीएजी’ हे निकष वापरले जातात. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. भारत सरकारच्या वेबसाइटसाठी ‘जीआयजीडब्ल्यू’ ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. तो निकाल बँकांच्या केवायसीबद्दलचा असला, तरी त्यातलं तत्त्व डिजिटल सेवांबद्दलचं आहे. श्रीमंत विद्यापीठंही यात मागे पडली आहेत. ऑनलाइन व्हिडिओंना नीट उपशीर्षकं नाहीत म्हणून अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीवर खटले भरले होते. पुढे दोन्ही संस्थांनी तडजोड करून उपशीर्षकं देण्याचं मान्य केलं.

अभ्यासांवर किती विसंबायचं?

वेबसाइटचा दर्जा आणि समाधान यांवरचे बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवर आधारलेले असतात. ‘मला हवी ती माहिती सहज मिळते’ अशा विधानांना विद्यार्थी एक ते पाच किंवा एक ते सात गुण देतात आणि त्यातून संबंध काढला जातो. अशा आकड्यांकडे पाहताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली, संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं होत नाही. कॉलेजवर आधीच खूश असलेला विद्यार्थी वेबसाइटलाही हात सैल सोडून गुण देतो, नाराज विद्यार्थी हात आखडता घेतो. दुसरी, प्रश्न कधी विचारले यावर बरंच अवलंबून असतं. प्रवेशाच्या आठवड्यात मिळालेलं उत्तर आणि निकाल अडलेला असताना मिळालेलं उत्तर सारखं नसतं. शिवाय, उत्तम वेबसाइट वाईट शिकवण्याची भरपाई करू शकत नाही. तिचा परिणाम प्रामुख्याने प्रशासनाबद्दलच्या भरवशावर होतो. त्यामुळे गुणांच्या सरासरीपेक्षा थेट मोजता येणारी गोष्ट जास्त बोलकी ठरते: किती फॉर्म अर्धवट राहिले, एकाच प्रश्नासाठी किती फोन आले, किती जणांना विलंब शुल्क भरावं लागलं.

नियम काय सांगतात?

वेबसाइटवरची काही माहिती विद्यापीठाच्या मर्जीवर सोडलेली नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक विद्यापीठांनी आपली रचना, अधिकारी आणि कामकाज यांची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. यूजीसीच्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियम, २०२३ नुसार प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपुस्तिका वेबसाइटवर असली पाहिजे. त्यात जागा, शुल्क आणि पात्रता स्पष्ट हवी. दिशाभूल करणारी माहिती किंवा वेळापत्रकापेक्षा उशिरा लागलेला निकाल, या दोन्ही गोष्टी तक्रारीच्या व्याख्येत बसतात.

याच विनियमानुसार संस्थेने ऑनलाइन तक्रार करण्याची सोय ठेवायची आहे. तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आहे. तिथे समाधान झालं नाही तर लोकपालाकडे अपील करता येतं.

विद्यार्थ्याने काय करावं?

- फॉर्म भरताना प्रत्येक टप्प्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. त्यात तारीख आणि वेळ दिसावी.
- पैसे अडकले तर व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. मुदत संपत आली असेल तर त्याच दिवशी कॉलेज आणि परीक्षा विभागाला ईमेल करून ठेवावा.
- व्हॉट्सॲपवर आलेलं परिपत्रक मूळ वेबसाइटवर आहे का, आणि त्यानंतर दुरुस्ती निघाली आहे का, हे तपासावं.
- तोंडी किंवा फोनवर केलेल्या तक्रारीचा पुरावा राहत नाही. ती पोर्टलवर किंवा ईमेलने करावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा.
- ‘साइट चालत नाही’ असं मोघम लिहिण्याऐवजी कोणतं पान, किती वाजता, कोणता संदेश, हे लिहावं. दुरुस्ती लवकर होते.

आणि विद्यापीठाने?

सुरुवात मोठ्या कंत्राटाने करायची गरज नसते. निल्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं की अवघ्या पाच वापरकर्त्यांसोबत चाचणी केली तरी वापरसुलभतेच्या बहुतेक अडचणी समोर येतात. पाच विद्यार्थी बोलवावेत. त्यात एक ग्रामीण भागातला, एक दृष्टिहीन आणि एक नोकरी करून शिकणारा असावा. त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर त्यांना पाच कामं द्यावीत: परीक्षेचं वेळापत्रक शोधा, हॉल तिकीट काढा, परीक्षा शुल्क भरण्याच्या पानापर्यंत पोचा, पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख सांगा, तक्रार कुठे करायची ते दाखवा. कुणीही मदत करायची नाही, फक्त बघायचं.

सोबत परीक्षा विभागात रोज येणाऱ्या फोनची नोंद ठेवावी. जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, त्याचं उत्तर पहिल्या पानावर, युनिकोड मराठीत, तारखेसह लिहावं. महिनाभराने त्याच प्रश्नाचे फोन मोजावेत. ते कमी झाले असतील, तर वेबसाइट सुधारली असं म्हणता येईल.